दुखणे एक, देश अनेक : सिकलसेल आणि सामाजिक वैद्यकाची देवाणघेवाण

आषाढ-श्रावणात भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी चालते. गुडघाभर चिखलात उभे राहून, अंगावर पाऊस झेलत, कंबर वाकवून दिवसभर पऱ्हे रोवल्यावर कोणाचेही अंग दुखणारच. परंतु या दिवसांत रुग्णालयात येणाऱ्यांपैकी काहींचे दुखणे नुसत्या श्रमाचे नसते. हाडांत शिरलेली असह्य कळ, पिवळसर डोळे, फिकट चेहरा आणि अधूनमधून येणारा ताप अशी लक्षणे असलेल्या तरुण मजुराचे वा मजूर स्त्रीचे रक्त तपासले असता अनेकदा सिकलसेल या आनुवंशिक रोगाचे निदान होते.

अशा रुग्णाला सलाइन, वेदनाशामक औषध आणि गरज भासल्यास रक्त दिले जाते. काही दिवसांत तो घरी जातो आणि हंगाम संपला नसेल तर पुन्हा त्याच बांधीत उतरतो, कारण रोवणीची मजुरी वर्षातून एकदाच मिळते. थंडी, भिजणे, अतिश्रम, शरीरातील पाणी कमी होणे आणि ताप ही या रोगाची कळ उठविणारी परिचित कारणे होत. पावसाळ्यात रोवणी आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची तोडणी, अशी ज्याची दोन्ही कामे रोगाला निमंत्रण देणारी आहेत, त्याला 'जपून राहा' असे सांगून डॉक्टरांचे कर्तव्य पूर्ण होते काय? रोगाचे मूळ रक्तात असले, तरी तो केव्हा, कोणावर आणि किती जोराने उलटेल हे पुष्कळ अंशी रक्ताबाहेरच्या गोष्टी ठरवितात. घरची मिळकत, कामाचे स्वरूप, दवाखान्याचे अंतर, लग्नाच्या बोलणीत होणारी कुजबुज या त्या गोष्टी. त्यांचा विचार करणाऱ्या वैद्यकाच्या शाखेस सामाजिक वैद्यक असे म्हणतात.

सिकलसेल हा केवळ विदर्भाचा रोग नाही. आफ्रिका, वेस्ट इंडीज, अमेरिका, ब्राझील, भूमध्य समुद्राकाठचे देश आणि अरबस्तान येथेही तो आहे. प्रत्येक ठिकाणच्या समाजाने त्याच्याशी आपापल्या परीने झुंज दिली. काही ठिकाणी यश आले, काही ठिकाणी चुका झाल्या. त्या अनुभवांतून आपण काय घ्यावे, काय पारखून घ्यावे आणि आपल्याजवळ इतरांना देण्याजोगे काय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. देशात सिकलसेल तपासणीचे मोठे कार्य सुरू असताना हा विचार आपल्या रुग्णालयासाठी केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

सामाजिक वैद्यकाचा प्रवास

१८४८ साली प्रशियाच्या सरकारने रुडॉल्फ व्हिर्खो या तरुण डॉक्टरास अप्पर सायलेशिया या प्रांतात टायफसच्या साथीची पाहणी करण्यास पाठविले. त्यांनी परत येऊन दिलेल्या अहवालात औषधांपेक्षा दारिद्र्य, उपासमार, निरक्षरता आणि लोकांना कारभारात नसलेला वाटा यांचीच चर्चा अधिक होती. शिक्षण, स्वातंत्र्य आणि समृद्धी यांवाचून साथ पुन्हा येत राहील, असा त्यांचा निष्कर्ष होता. सरकारला तो रुचला नाही. परंतु वैद्यकाच्या इतिहासात तो अहवाल टिकून राहिला.

व्हिर्खो यांचे विद्यार्थी माक्स वेस्टनह्योफर यांनी पुढे दक्षिण अमेरिकेतील चिली या देशात विकृतिशास्त्र शिकविले. तेथील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या ज्या पिढीवर या विचाराचा संस्कार झाला, तिच्यात साल्वादोर आयेंदे हे होते. १९३९ मध्ये आरोग्यमंत्री असताना त्यांनी चिलीच्या सामाजिक आरोग्यस्थितीवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि बालमृत्यू, क्षयरोग, मजुरी, घरे व आहार यांचा परस्परसंबंध मांडला. पुढे ते देशाचे अध्यक्ष झाले.

भारतात हा विचार दुसऱ्या वाटेने आला. १९४३ साली नेमलेल्या भोर समितीने आपल्या कामासाठी परदेशांतील तज्ज्ञांना पाचारण केले होते. अमेरिकेतील वैद्यकेतिहासकार हेन्री सिगरिस्ट आणि ऑक्सफर्ड येथील सामाजिक वैद्यकाचे प्राध्यापक जॉन राईल हे त्यांपैकी होत. १९४६ च्या अहवालात समितीने उद्याचा डॉक्टर हा 'सामाजिक वैद्य' असावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. आज प्राथमिक आरोग्य केंद्राची जी साखळी आपण पाहतो तिचा आराखडा आणि वैद्यकीय महाविद्यालयांतील सामाजिक वैद्यकाचे विभाग यांची पाळेमुळे त्या अहवालात आहेत.

देवाणघेवाण एकाच दिशेने झाली, असे मात्र नाही. १९३८ साली चीनच्या मदतीस गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच नागपूरचे डॉ. चोळकरही होते. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे काम सुरू केले आणि गावातील सामान्य, पुष्कळशा निरक्षर स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांतील लोकाधारित आरोग्यकार्याचा परिचय करून देणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात चीन, क्यूबा, ग्वाटेमाला, टांझानिया यांच्या बरोबरीने जामखेडलाही स्थान मिळाले. तीनच वर्षांनी, १९७८ साली, आल्मा-आता येथील परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा संमत झाला.

या साऱ्या प्रवासात एक गोष्ट समान दिसते. एका देशातून दुसऱ्या देशात यशस्वीपणे पोचला तो प्रश्न विचारण्याचा एक प्रकार. कोण आजारी पडतो? तोच का? आणि त्याच्या आरोग्याविषयीचे निर्णय कोण घेते? उत्तरे मात्र प्रत्येक भूमीला स्वतःची शोधावी लागली. सिकलसेलच्या बाबतीत हे विशेष स्पष्टपणे पाहता येते.

रोगाची थोडक्यात ओळख

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचिक असतात. सिकलसेल रोगात त्यांतील हिमोग्लोबिन सदोष असते. प्राणवायू कमी पडला की पेशी कडक होऊन विळ्याच्या आकाराच्या होतात. 'सिकल' म्हणजे विळा. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात व त्या भागात तीव्र वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर विळ्याच्या आकाराची पेशी दहा-वीस दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रक्तक्षय होतो व डोळे पिवळे दिसतात.

हा रोग संसर्गाने होत नाही. तो आई व वडील या दोघांकडून येतो. सदोष जनुक एकाकडूनच मिळाले तर ती व्यक्ती 'वाहक' होते. वाहक सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के असते. वाहक आणि रोगी यांतील हा भेद पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे.

वैद्यकीय साहित्यात या रोगाची पहिली नोंद १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी केली. त्यांचा रुग्ण वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून शिकण्यास आलेला एक विद्यार्थी होता. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिले की वाहकांना घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तेथेच हे जनुक का टिकले, याचा उलगडा त्यामुळे झाला. भारतात १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत हे जनुक आढळले आणि १९५८ साली नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील आपल्या निरीक्षणांचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. अनुसूचित जाती व जमाती यांत आणि काही इतर मागासवर्गीय समाजांत हे जनुक अधिक आढळते. त्यामागे हिवताप आणि आपापल्या समाजातच विवाह करण्याची पद्धत ही कारणे आहेत. कोणत्याही समाजाच्या श्रेष्ठ-कनिष्ठतेशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

जमैका : आईच्या हाती दिलेले ज्ञान

वेस्ट इंडीजमधील जमैका हा लहानसा, फारसा श्रीमंत नसलेला देश. १९७३ पासून तेथील किंग्स्टन शहरातील एका मोठ्या प्रसूतिगृहात जन्मलेल्या एक लाख बालकांची ओळीने तपासणी करण्यात आली आणि त्यांतील सिकलसेलग्रस्त बालकांचा जन्मापासून अनेक वर्षे पाठपुरावा केला गेला. ब्रिटिश डॉक्टर ग्रॅहम सार्जंट यांचे नाव या अभ्यासाशी निगडित आहे.

या बालकांच्या मृत्यूचे एक मोठे कारण लवकरच ध्यानात आले. प्लीहेत, म्हणजे बोलीभाषेतील पांथरीत, अकस्मात रक्त साचून ती फुगते आणि काही तासांत बालक दगावते. रुग्णालयात पोचेपर्यंत उशीर होई. तेव्हा जमैकातील डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी मातांना बालकाच्या पोटाच्या डाव्या बाजूस बरगडीखाली हात ठेवून प्लीहा चाचपण्यास शिकविले. ती वाढलेली वाटली आणि बाळ मलूल दिसले, तर थेट रुग्णालयात यावे, एवढाच निरोप होता. या शिक्षणानंतर अशा झटक्यांतून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ ९० टक्क्यांनी घटले. नवे यंत्र लागले नाही, महाग औषध लागले नाही. डॉक्टरांजवळचे ज्ञान आईच्या बोटांत गेले, आणि ती जेव्हा धावत आली तेव्हा रुग्णालयाचे दार उघडे होते. या दोन्ही गोष्टींची जोड महत्त्वाची आहे. आईला शिकविले पण रात्री रक्त उपलब्ध नाही, तर ते शिक्षण तिच्या दुःखात भरच घालील.

अमेरिका आणि ग्रीस : तपासणी झाली, समजूत राहून गेली

अमेरिकेत सिकलसेल प्रामुख्याने कृष्णवर्णीयांत आढळतो आणि दीर्घकाळ तो उपेक्षित राहिला. १९७१ च्या सुमारास ब्लॅक पँथर या संघटनेने आपल्या मोफत दवाखान्यांतून त्याची तपासणी हाती घेतली. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव याच संघटनेवरून घेतले, हे मराठी वाचकांस ठाऊक आहे. तिचे आरोग्यकार्य मात्र आपल्याकडे फारसे परिचित नाही. लोकांच्या रेट्यामुळे सरकारलाही लक्ष घालावे लागले.

यानंतर जे घडले ते आपण नीट समजून घेतले पाहिजे. उत्साहाच्या भरात काही राज्यांनी शाळाप्रवेशापूर्वी किंवा विवाहाच्या परवान्यापूर्वी तपासणी सक्तीची केली. लोकांना समजावून सांगण्याची व्यवस्था मात्र अपुरी होती. वाहक आणि रोगी यांतील भेद कायदे करणाऱ्यांच्याही ध्यानात नीट आला नव्हता. परिणामी पूर्णपणे निरोगी असलेल्या वाहकांना विम्याचा जादा हप्ता पडू लागला आणि विमानसेवेतील नोकऱ्या नाकारल्या गेल्या. हवाई दलाच्या अकादमीचे दार त्यांना १९८१ पर्यंत बंद होते. ज्यांच्या भल्यासाठी तपासणी केली त्यांच्याच कपाळी शिक्का बसला. १९७२ च्या राष्ट्रीय कायद्याने अनुदान हवे असल्यास तपासणी ऐच्छिक असावी, अशी अट घालून ही चूक सुधारण्याचा प्रयत्न केला.

तपासणीला खरा अर्थ आला तो तिच्यामागे उपचार उभा राहिला तेव्हा. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात असे दिसले की सिकलसेलग्रस्त लहान मुलांना नियमित पेनिसिलिन दिल्यास न्यूमोकोकस जंतूचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतात. त्यानंतर नवजात बालकांच्या तपासणीस वेग आला, कारण आता निदान झालेल्या बाळासाठी करण्याजोगे काही होते.

ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावची हकीकत आपल्या परिस्थितीशी आणखी जवळची आहे. तेथे वाहकांचे प्रमाण मोठे होते आणि ठरवून विवाह करण्याची रीत होती. दोन वाहकांचे लग्न होऊ नये म्हणून गावाची तपासणी करून प्रत्येकास आपापली स्थिती कळविण्यात आली. १९७० च्या दशकात या उपक्रमाचा आढावा घेतला असता आढळले की वाहक व्यक्तींकडे कमीपणाने पाहिले जाऊ लागले होते. त्यामुळे अनेकांनी लग्न ठरविताना ही गोष्ट लपविली, आणि दोन वाहकांमधील विवाह अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाहीत. माहिती होती, पण ती उघड करण्यात अपमान होता.

आपल्याकडे मुलीचे लग्न ठरताना काय घडते, हे झाडीपट्टीतील वाचकांस सांगावयास नको. मुलगा वाहक असल्यास 'काही नाही, ठणठणीत आहे' असे म्हटले जाते. मुलगी वाहक असल्यास स्थळ परत जाते. रोगी मूल जन्मले तर दोष सुनेच्या माथी येतो. वस्तुतः असे मूल आई आणि वडील दोघांचेही जनुक मिळाल्यावाचून जन्मूच शकत नाही. ही एकच गोष्ट गावोगावी पटवून देता आली, तरी कित्येक संसार सावरतील.

ब्राझील : रुग्णांचा आवाज

ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेने आरोग्य हा सर्वांचा हक्क आणि शासनाचे कर्तव्य मानले. त्यानुसार तेथे सार्वजनिक आरोग्यव्यवस्था उभी राहिली आणि नगरपालिकेपासून राष्ट्रीय पातळीपर्यंत आरोग्य परिषदा स्थापन झाल्या. या परिषदांत निम्म्या जागा सेवा घेणाऱ्या नागरिकांसाठी असतात. तेथील कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी, विशेषतः स्त्रियांनी, १९९० च्या दशकात सिकलसेलचा प्रश्न लावून धरला. २००१ साली राष्ट्रीय कार्यक्रमाद्वारे नवजात बालकांच्या तपासणीत या रोगाचा समावेश झाला. बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतात म्हणून लोक तिला 'छोट्या पावलाची चाचणी' म्हणतात. वैद्यकीय चाचणीला असे घरगुती नाव मिळणे हे ती लोकांनी आपलीशी केल्याचे लक्षण आहे.

ब्राझीलपासून घेण्याजोगा धडा असा की रुग्णांना व त्यांच्या पालकांना निर्णयाच्या बैठकीत जागा असावी. कोणते औषध कोणत्या दिवशी संपलेले असते, कोणत्या खिडकीवर कसे बोलले जाते, तपासणीचा कागद हाती येण्यास किती दिवस लागतात, या गोष्टी त्यांच्याइतक्या कोणासही ठाऊक नसतात.

जसेच्या तसे उचलता येत नाही

परदेशातील अनुभव येथे आणताना तो पारखून घ्यावा लागतो. याचे उत्तम उदाहरण जमैका आणि ओडिशा यांच्या सहकार्यातून मिळते. ओडिशातील बुर्ला येथील डॉक्टर आणि जमैकातील सार्जंट यांच्या चमूने दोन्हीकडील रुग्णांची तुलना करून १९८६ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. भारतीय रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त राहते, त्यामुळे रोगाची काही लक्षणे सौम्य असतात. मात्र त्यांची प्लीहा अधिक वयापर्यंत वाढलेली राहते, असे त्यांत दिसून आले. याचा व्यावहारिक अर्थ काय? जमैकातील मातांना प्लीहेची काळजी मुख्यतः पहिल्या काही वर्षांत घ्यावी लागते. आपल्याकडे ती शाळकरी वयातही घेत राहिली पाहिजे. धडा तोच, पण आपल्या मातीत त्याची मुदत बदलते.

दुसरी बाजूही आहे. ओडिशातील निरीक्षणांवरून 'भारतातील सिकलसेल सौम्य असतो' असा समज पुस्तकांतून रूढ झाला. नागपूर येथील बालरोगतज्ज्ञांच्या पुढील अभ्यासांत मात्र विदर्भातील अनेक मुलांना रोगाचा तीव्र त्रास होतो, असे आढळले. शेजारच्या राज्यातील ज्ञानदेखील न पारखता घेतले, तर रुग्णाच्या वेदनेकडे दुर्लक्ष होऊ शकते.

अमेरिकेतील वर्णभेदाच्या जागी आपल्याकडे जातिभेद आहे. 'हा अमुक समाजाचा रोग' अशी समजूत झाली की दोन प्रकारे हानी होते. त्या समाजाच्या पाठीमागे आणखी एक हिणकस शेरा लागतो. आणि इतर समाजातील रुग्ण समोर आला तर डॉक्टरांच्या मनात या रोगाची शंकाच येत नाही. जमैका वा ब्राझीलमधील कोणत्याही पुस्तकात हे लिहिलेले सापडणार नाही. ते आपले आपणच ओळखले पाहिजे.

विदर्भाने जगाला दिलेले

आपण केवळ घेणारे नाही. भंडाऱ्यापासून दूर नसलेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. गावातीलच प्रशिक्षित स्त्री घरोघरी जाऊन बाळाचे वजन, तापमान व श्वास पाही आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करी. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली आणि २०११ पासून भारतात आशा कार्यकर्तींमार्फत असा कार्यक्रम सुरू झाला.

सिकलसेलच्या औषधोपचारातही विदर्भाचे योगदान आहे. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध अमेरिकेत १९९८ साली प्रौढ रुग्णांसाठी मान्य झाले. तेथे मात्रा हळूहळू वाढवीत नेतात व वारंवार रक्त तपासतात. दूरच्या खेड्यातील रुग्णास हे परवडत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी मुलांना कमी व ठरावीक मात्रा देऊन पाहिली आणि तीनेही कळा व रक्त देण्याचे प्रसंग घटतात, असे २०१२-१३ च्या सुमारास दाखवून दिले. पुढे २०१९ मध्ये अंगोला, काँगो, केनिया व युगांडा या चार आफ्रिकी देशांतील संयुक्त अभ्यासाने हिवतापाच्या प्रदेशातही हे औषध मुलांना सुरक्षितपणे देता येते, असे सिद्ध केले. गरीब प्रदेशांनी एकमेकांपासून शिकण्याजोगे किती आहे, याची यावरून कल्पना यावी.

आपल्या रुग्णालयापुढील कार्य

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत या रोगाचे निर्मूलन करणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासलेल्या व्यक्तीस तिच्या स्थितीचे कार्ड दिले जाते, आणि विवाहापूर्वी दोघांनी आपली कार्डे जुळवून पाहावीत असा त्याचा एक उपयोग सांगितला जातो. कार्य मोठे व आवश्यक आहे. परंतु ऑर्कोमेनोस आणि अमेरिका यांच्या अनुभवावरून सांगावेसे वाटते की कार्ड हाती पडणे ही कामाची सुरुवात आहे. त्या कार्डाचा अर्थ कोणी, कोणत्या शब्दांत आणि किती वेळ देऊन समजावला, यावर ते कार्ड आधार ठरेल की डाग, हे अवलंबून राहील. 'निर्मूलन' हा शब्दही जपून वापरावा. निर्मूलन व्हावयाचे ते वेदनेचे आणि अकाली मृत्यूचे. रोगी वा वाहक व्यक्तीला आपणच नकोसे झालो आहोत, असे वाटता कामा नये.

वरील विवेचनावरून आपल्या रुग्णालयासारख्या न्यासाच्या संस्थेने करण्याजोग्या काही गोष्टी सुचतात.

पहिली, सिकलसेलग्रस्त बालकाच्या आईला प्लीहा चाचपण्याचे शिक्षण देणे आणि तिच्यासाठी रात्री-अपरात्री रक्ताची व दाखल करून घेण्याची व्यवस्था निश्चित ठेवणे. आशा कार्यकर्ती नवजात बाळासाठी घरी जातच असतात. याच भेटींत हे शिक्षण गुंफता येईल.

दुसरी, तपासणीचा निकाल गोपनीय राखून एकांतात सांगणे, आणि समुपदेशनाच्या वेळी पती-पत्नी दोघांनाही बोलावणे. एकट्या सुनेला बोलावून निकाल सांगण्याची प्रथा कटाक्षाने टाळावी.

तिसरी, शेतीच्या हंगामाचा विचार औषधयोजनेत करणे. रोवणीपूर्वी रुग्णांना बोलावून तपासणे, हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड पुरेसे देणे, आणि भिजणे टाळता येईल अशी कामे त्यांना मिळावीत म्हणून ग्रामपंचायतीशी बोलणे, हेदेखील उपचारच होत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे; तथापि प्रमाणपत्राची कागदपत्रे पुरी करणे निरक्षर रुग्णास अवघड जाते. त्यासाठी रुग्णालयाच्या समाजसेवकाने हात दिला पाहिजे.

चौथी, रुग्ण व पालक यांची वर्षातून काही वेळा सभा घेणे, त्यांच्या तक्रारी व सूचना लिहून घेणे आणि त्यांवर काय झाले हे पुढील सभेत सांगणे.

देणगीदारांचा ओढा स्वाभाविकपणे इमारत आणि यंत्रसामग्रीकडे असतो. त्या डोळ्यांना दिसतात व त्यांवर नावाची पाटी लावता येते. वर सुचविलेल्या कामांसाठी लागणारा खर्च निराळा आहे. समुपदेशिकेचे मानधन, गावी जाण्यायेण्याचे भाडे, औषधांचा अखंड साठा, सभेस येणाऱ्या मजुराची बुडालेली रोजी अशा बाबींवर तो होतो. हितचिंतकांनी या बाबींचाही विचार करावा, अशी नम्र विनंती आहे. जमैकातील डॉक्टरांनी वाचविलेल्या बालकांच्या मागे अशीच, पाटी नसलेली कामे होती. येत्या रोवणीत दुखण्याने कळवळत येणाऱ्या रुग्णांची संख्या थोडी जरी घटली, तर दूरदेशीचे ते ज्ञान वैनगंगेच्या काठी रुजू लागले असे म्हणता येईल.